उन्हाळ कांदा : पाणी किती, कधी, आणि शेवटचं पाणी केव्हा तोडायचं



डिसेंबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला लावलेला आपला उन्हाळ कांदा आता फुगवणीच्या तोंडावर आलाय किंवा लवकरच येईल. इथून पुढचे दोन महिने तुम्ही पाणी कसं देता त्यावर तीन गोष्टी ठरणार आहेत. एकरी माल किती निघणार, करप्याच्या फवारण्यांवर किती खर्च होणार, आणि चाळीत भरलेला कांदा पावसाळ्यात बाहेर काढताना किती शिल्लक असणार. मेसेज मोठा आहे. सेव्ह करून ठेवा, आणि घरात पाणी भरायला जो जातो त्यालाही वाचून दाखवा. बऱ्याच घरी खत आणि औषध एक जण ठरवतो आणि पाणी दुसराच भरतो.

*आधी कांद्याच्या मुळाविषयी*

वाफ्यातला एक कांदा खुरप्याने अलगद उकरून बघा. मुळं पांढरी, बारीक आणि वरच्या वर असतात. बहुतेक मुळं वरच्या १५ ते २० सेंटीमीटरच्या थरातच खेळतात. त्या खाली गेलेलं पाणी कांद्याच्या कामाचं नाही, आणि त्या पाण्यासोबत खाली गेलेला युरियाही नाही.

म्हणून कांद्याला ताणही चटकन बसतो. मुळांच्या थरात जी ओल पिकाला घेता येते, तिच्यातली पाव भाग संपली की कांदा ताणात जायला लागतो. कपाशी किंवा हरभऱ्यासारखा हा दम धरत नाही. थोडं आणि वेळेवर पाणी हे कांद्याला मानवतं. एकदाच भरपूर देऊन पंधरा दिवस निश्चिंत राहणं मानवत नाही.

लावणीच्या वेळी पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी, आणि नंतर जमिनीप्रमाणे ७ ते १० दिवसांनी पाळी, ही राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आपल्याला माहीत आहेच. रब्बी कांद्याला एकूण १२ ते १५ पाळ्या लागतात. पण "७ ते १०" यात खूप अंतर आहे. निफाडकडच्या भारी काळ्या रानाला आणि चांदवड-सिन्नरच्या मुरमाड रानाला एकच आकडा लावला तर एकाची मुळं कुजतील आणि दुसऱ्याची चिंगळी निघेल.

कॅलेंडर बघण्याआधी माती बघा. सकाळी दहाच्या आत वाफ्याच्या मधोमध खुरप्याने बोटभर नाही, चांगलं १०-१२ सेंटीमीटर खोल उकरा. तिथली माती मुठीत दाबा. भारी रानात गोळा झाला आणि हाताला चिकटला तर अजून पाणी नको. गोळा होतोय पण दाबल्यावर तडे जाऊन फुटतोय, तर दुसऱ्या दिवशी पाणी द्या. हलक्या रानात गोळा धरतच नसेल तर एक दिवस उशीर झालेला आहे. वरची माती पांढरी पडली म्हणून पाणी सोडणं बरोबर नाही. उन्हाने वरचा थर दोन दिवसांत सुकतो, खाली ओल तशीच असते. दुपारी पात मलूल दिसली म्हणूनही घाई करू नका. संध्याकाळपर्यंत ती उभी राहिली तर ते फक्त ऊन आहे. सकाळी सुद्धा पात ढिली दिसत असेल तर मात्र तहान आहे.

*फुगवणीत ताण आणि नंतर तुंबवणं : दोन्हीचा मार*

कांद्याची प्रत्येक पात खाली आतमध्ये एक पापुद्रा तयार करते. जितक्या पाती जोमदार, तितके पापुद्रे. लावणीपासून साधारण ६० दिवसांनी हे पापुद्रे झपाट्याने फुगायला लागतात. याच काळात कांदा पाण्याला सगळ्यात नाजूक असतो. त्याआधी पात वाढताना एखादी पाळी दोन-चार दिवस लांबली तर पीक सांभाळून घेतं. फुगवणीत लांबली तर गोलाई कमी होते, गोल्टी वाढते, आणि हे नुकसान नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही.

जास्त नुकसान होतं ते ताण देऊन एकदम पाणी तुंबवल्याने. ताणाच्या काळात वरचे पापुद्रे वाढ थांबवून पक्के होतात. मग भरपूर पाणी मिळालं की आतले पापुद्रे जोराने फुगतात आणि वरच्यांना फाडतात. पत्ती फुटते. जोड कांदेही वाढतात. लासलगावला व्यापारी गोणीत हात घालून पहिलं काय बघतो? पत्ती आणि साइज. फुटलेल्या पत्तीचा कांदा त्या दिवशी भाव खातो तो कमीच, आणि चाळीत ठेवला तर सडीला दार उघडून देतो.

कॅनॉलच्या आवर्तनावर असलेल्या सभासदांची खरी अडचण इथेच आहे. आवर्तन लांबतं, मग आल्यावर माणूस वाफा काठोकाठ भरतो, कारण पुढचं कधी येईल भरवसा नाही. हे समजण्यासारखं आहे, पण भरून ठेवलेलं पाणी कांद्याच्या मुळापाशी थांबत नाही. ज्यांच्याकडे शेततळं किंवा विहीर आहे त्यांनी आवर्तनाचं पाणी आधी तिकडे साठवावं आणि तिथून दोन हलक्या पाळ्या द्याव्यात. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांनी वाफ्यात उसाचं पाचट किंवा भुसा पातळ पसरला तरी ओल दोन-तीन दिवस जास्त टिकते.

*किती पाणी : ड्रमचा हिशोब*

एक मिलिमीटर पाणी एका एकरावर पसरलं तर ते साधारण ४,००० लिटर होतं. एवढं एक पाठ करून ठेवा. वाफ्याने एका पाळीला ४ सेंटीमीटर पाणी पुष्कळ झालं. म्हणजे एकरी १,६०,००० लिटर.

आता तुमची मोटर ताशी किती पाणी टाकते? २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. ३० सेकंदात भरला तर ताशी २४,००० लिटर. म्हणजे एक एकर कांद्याला जेमतेम साडेसहा ते पावणेसात तास. पाटात मुरणारं थोडं वेगळं धरा.

हा हिशोब का सांगतोय? शेतीच्या फीडरला रात्रपाळीची लाइट असते तेव्हा आपण स्टार्टरला ऑटो लावतो आणि झोपतो. लाइट आली की मोटर सुरू. अर्धा एकर कांदा असेल आणि आठ तास मोटर चालली, तर वरच्या हिशोबाने तिथे साडेनऊ सेंटीमीटर पाणी पडतं. गरजेच्या दुप्पट-अडीचपट. शेवटचे चार-पाच वाफे सकाळपर्यंत तळं झालेले असतात, आणि त्याच वाफ्यांत नंतर पात पिवळी पडून सड दिसते. दरवर्षी उताराकडच्याच कोपऱ्यात कांदा का बसतो, याचं उत्तर बऱ्याच वेळा या ऑटो स्विचमध्ये असतं. टायमर बसवा. तो परवडत नसेल तर ऑटो काढून ठेवा आणि रात्री जाऊन येणं होणार नसेल तर ती पाळी दिवसाच्या आठवड्यात ढकला. साप, बिबट्या, थंडी, सगळं आम्हाला माहीत आहे. कुणी रात्री दारं धरायला जावं असं आमचं म्हणणं नाही.

*ठिबकवाल्यांसाठी*

बेड ते बेड १६५ सेंटीमीटर (१२० चा माथा आणि ४५ ची सरी), बेडवर दोन नळ्या, ४० सेंटीमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रीपर, अशी मांडणी असेल तर एका तासात १२ मिलिमीटर पाणी पडतं. ड्रीपर २ लिटरचे असतील तर ६ मिलिमीटर. फेब्रुवारीत भर वाढीच्या कांद्याची रोजची गरज ढोबळमानाने ४ ते ५ मिलिमीटर, आणि मार्चअखेर ऊन तापल्यावर ६ च्या पुढे. म्हणजे ४ लिटरच्या ड्रीपरला रोज २०-२५ मिनिटं, किंवा एक दिवसाआड पाऊण तास.

पण दोन नळ्यांच्या मध्ये माती कोरडी दिसते म्हणून आपण ठिबक दोन-तीन तास चालवतो. दोन तासांत २४ मिलिमीटर झालं, पाच दिवसांचं पाणी एका दिवसात. मुरमाड रानात ते सरळ मुळाखाली निघून जातं. मधला पट्टा वरून कोरडा दिसला तरी ५-७ सेंटीमीटर उकरून बघा, ओल आडवी सरकलेली असते. तिथेही खरंच कोरडं असेल तर नळ्यांचं अंतर चुकलंय किंवा ड्रीपर चोंदलेत. तास वाढवून ते दुरुस्त होत नाही.

गादीवाफा आणि ठिबक यात पाणी ३० ते ४० टक्के वाचतं आणि उत्पादन १५ ते २५ टक्के वाढतं, असं राजगुरुनगरचे प्रयोग सांगतात. पाण्याइतकाच फायदा खताचा आहे. नत्र थोडं थोडं करून सहा हप्त्यांत देता येतं. मात्र ठिबक असो की वाफा, लावणीला ६० दिवस झाल्यावर नत्र बंद. उशिराचा युरिया आणि उशिराचं पाणी एकत्र आलं की मान जाड होते, ती वेळेवर पडत नाही आणि तोच कांदा चाळीत सगळ्यात आधी जातो.

*पाणी आणि रोग*

करपा हा हवेतून येतो हे खरं, पण बुरशीचा बीजाणू पातीवर पडून उपयोग नाही. तो रुजायला पात कित्येक तास ओली राहावी लागते. आपल्याकडे गोदाकाठाला, कॅनॉलच्या आणि द्राक्षबागांच्या पट्ट्यात, थंडीत दव तसंही सकाळी आठ-नऊपर्यंत पातीवर असतं. त्यात तुम्ही संध्याकाळी तुषार चालवलात, तर पात संध्याकाळी ओली झाली ती थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर सुकते. बुरशीला याहून चांगली रात्र मिळणार नाही. तुषार आणि रेनपोर्टवाल्यांनी *सकाळी* चालवावं, म्हणजे दव आणि पाणी दोन्ही दुपारच्या आत उडून जातं. लाइट फक्त रात्रीचीच असेल तर पहाटेचे शेवटचे तास पकडा. वाफ्याचं किंवा ठिबकचं पाणी रात्री दिलं तर पात ओली होत नाही, त्यामुळे करप्याच्या बाजूने ते चालतं.

मग तुषार वाईटच का? नाही. फुलकिडे कोरड्या, उन्हाच्या हवेत वाढतात आणि पातीच्या बेचक्यात लपतात. वरून पडणारं पाणी त्यांना धुऊन काढतं. फुलकिडे पात खरवडतात आणि त्याच जखमांतून जांभळा करपा आत शिरतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत सकाळचा तुषार दोन्हीकडून मदत करतो. फक्त फवारणी करून लगेच तुषार लावू नका. औषध आणि पैसा दोन्ही सरीत जातो. आधी तुषार, पात सुकू द्या, मग फवारणी. कांद्याची पात मेणचट असते म्हणून स्टिकर टाकल्याशिवाय फवारू नका.

पातीवर काय दिसतंय त्याप्रमाणे कारण ओळखा. आत खोलगट पांढुरके डाग, मध्यभाग जांभळा होत जाणारा, भोवती पिवळी कडा, आणि पात तिथेच मोडणारी : जांभळा करपा. मधल्या पातीवर पिवळट-केशरी बारीक लांबट रेघा, पुढे तपकिरी होणाऱ्या : तपकिरी करपा. रब्बीत थंड आणि ओलसर हवेत हा जास्त दिसतो. चंदेरी चकचकीत ओरखडे आणि पात वेडीवाकडी : फुलकिडे. दोन्ही करप्यांना सुरुवातीलाच मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर चालतं. डाग वाढल्यावर काय घ्यायचं ते ग्रुपवर फोटो टाकून विचारा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर आपण विनाकारण बुरशीनाशक मारतो. फक्त शेंडे जळालेत, सगळ्या वाफ्यात सारखेच, डाग नाहीत. तेव्हा पाण्याचा ताण किंवा पाण्यातला क्षार बघा. कांदा खाऱ्या पाण्याला फार नाजूक आहे. उन्हाळा लागला, विहीर तळाला गेली की पाण्यातले क्षार वाढतात. वरंब्यावर पांढरी पापडी दिसत असेल तर पाणी तपासून घ्या. अशा पाण्याला पाळ्यांतलं अंतर कमी ठेवावं लागतं, कारण माती सुकत गेली की मुळाशी क्षार आणखी घट्ट होतात.

जमिनीतल्या सडीचं वेगळं आहे. पात शेंड्याकडून पिवळी पडत खाली येते, कांदा उपटला की सहज हातात येतो, मुळं तपकिरी आणि बुडाला पांढरी बुरशी. ही बुड-सड उबदार आणि ओल्या मातीत वाढते, आणि पाटाच्या पाण्यासोबत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाते. असा वाफा दिसला तर त्यातून पुढे पाणी काढू नका, त्याला सगळ्यात शेवटी पाणी द्या, सडलेले कांदे उपटून शेताबाहेर न्या. बांधावर टाकले तर ते पुढच्या पाण्यात परत येतात. त्या रानात पुढची दोन-तीन वर्षं कांदा-लसूण नको.

(खरिपाच्या लाल कांद्यात प्रश्न उलटा असतो. तिथे पाणी देण्यापेक्षा पाणी बाहेर काढणं महत्त्वाचं. साचलेल्या पाण्यात पीळ पडतो. त्यावर जूनमध्ये वेगळा मेसेज येईल. पण सपाट वाफ्यावर खरीप कांदा लावायचा विचार असेल तर आत्तापासूनच सोडून द्या.)

*शेवटचं पाणी*

हा भाग नीट वाचा, कारण इथे पैशाचा मोह आहे.

काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाणी तोडायचं. मुरमाड रानात १०, मध्यम रानात १२ आणि भारी काळ्या रानात पूर्ण १५, गरज पडली तर दोन दिवस जास्तच. तारीख कशी ओळखायची? वाफ्यात इकडे तिकडे माना पडायला सुरुवात झाली, शंभरात दहा-पंधरा, की त्यानंतर पाणी नाही. निम्म्या माना पडल्या की काढणी.

पाणी तुटलं की पात सुकत सुकत आतला रस कांद्यात उतरतो, मान बारीक होऊन बंद होते, वरची पत्ती वाळून घट्ट बसते. बंद मान आणि दोन पदरी पत्ती म्हणजे कांद्याचं कुलूप आहे. शेवटपर्यंत पाणी दिलेल्या कांद्याची मान ओली आणि उघडी राहते. सडीचे जंतू तिथूनच आत जातात. बाहेरून कांदा टणक, चाळीत दीड-दोन महिन्यांनी दाबला की मान मऊ. आणि एक सडलेला कांदा शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो.

पाणी न तोडण्याची दोन कारणं सभासद सांगतात. पहिलं, वजन. शेवटच्या पाण्याने थोडं वजन येतं हे खोटं नाही. पण ते पाण्याचं वजन आहे, आणि चाळीत पहिल्याच महिन्यात उडून जातं. कांदा काढल्याबरोबर मार्केटला न्यायचा असेल तरी ओल्या मानेच्या मालाला व्यापारी हात आखडता घेतो. म्हणून आमचं सांगणं असं की *आजच ठरवा, कुठला प्लॉट साठवायचा आणि कुठला लगेच विकायचा.* साठवणुकीच्या प्लॉटला पाणी काटेकोर तोडा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा भाव पडलेला असताना थांबण्याची ताकद त्याच प्लॉटमध्ये असते.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. भारी रान सुकलं की दगड होतं, कांदा उपटताना पात तुटून हातात येते, आणि काढणीची टोळी उक्त्यात जास्त पैसे मागते. म्हणून काढणीच्या दोन-तीन दिवस आधी हलकं पाणी सोडायची पद्धत पडली आहे. साठवणुकीच्या कांद्याला हे पाणी सगळ्यात घातक. पक्व होऊन झोपी चाललेली मुळं पुन्हा जागी होतात, कांद्याला कोंब आणि सड दोन्ही लवकर येतात. त्याऐवजी शेवटची पाळी मोजून १५ व्या दिवशी काढणी येईल अशी टोळीची तारीख आत्ताच बांधून घ्या, म्हणजे रान पूर्ण दगड व्हायच्या आत कांदा निघतो. टोळी लांबली तर कुदळीने किंवा ट्रॅक्टरच्या पासेने खालून रान सैल करून घ्या. तो खर्च चाळीतल्या सडीपेक्षा कमीच पडतो.

काढल्यावर कांदा वाफ्यातच तीन-चार दिवस असा पसरा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल, कांद्याला थेट ऊन लागू नये. नंतर दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापा. मुळाशी घासून कापू नका. मग सावलीत १०-१२ दिवस, आणि त्यानंतरच चाळ.

फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळीचा भरवसा नाही. पाळी द्यायच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज बघा, दोन दिवसांत पावसाची शक्यता असेल तर पाणी थांबवा. पाऊस झालाच तर आधी सऱ्या फोडून साचलेलं पाणी बाहेर काढा, वाफसा येईपर्यंत वाफ्यात पाय ठेवू नका, आणि पात सुकल्याबरोबर करप्याची फवारणी घ्या.

या आठवड्यात प्रत्येक सभासदाने ड्रमने मोटर मोजून ताशी किती लिटर ते ग्रुपवर टाकावं, सोबत रान हलकं, मध्यम की भारी, आणि लावणीची तारीख. त्यावरून तुमच्या प्लॉटला किती तास पाणी आणि अंदाजे कधी तोडायचं ते कंपनीकडून प्रत्येकाला वेगळं कळवलं जाईल. ज्यांना कंपनीच्या चाळीत माल ठेवायचा आहे त्यांनी शेवटच्या पाण्याची तारीख लिहून ठेवावी, माल आणताना ती विचारली जाईल.